चौकटीवरचा टिळा

आमच्या शाळेत पॅनल आलं तेव्हा त्याला सगळ्यात आधी एक चादर मिळाली. निळ्या फुलांची, डबलबेडची. प्राचार्य दुबे सरांनी ती स्वतःच्या घरून आणली होती, आणि दुबे भाभींना ती परत हवी होती हे साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. पण सर म्हणाले, "धूल लग गई तो जवाब कौन देगा?" झालं. बायोलॉजीच्या खोलीत भिंतीवर पांघरूण घेतलेलं एक यंत्र लटकू लागलं. मुली त्याला 'नई बहू' म्हणायच्या, कारण त्याचं तोंड अजून कुणी पाहिलं नव्हतं.

ज्यांनी पॅनल पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या टीव्हीसारखी काच असते. तिच्यावर बोटाने लिहिता येतं, पुसता येतं, चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, आणि लिहिलेलं पान जपून ठेवून फोनवर धाडता येतं. ते माझ्या खोलीत आलं ते काही माझी कीर्ती ऐकून नाही. त्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या होत्या आणि भिंतीतल्या प्लगला खरोखर वीज येत होती. असा योग शाळेत दुसरीकडे कुठे जुळत नव्हता.

मी सुनंदा वानखेडे. जबलपूरच्या एका सरकारी मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाळेत दिवसभर हिंदी, घरी आमची नागपूरकडची मराठी, त्यामुळे दिवाळी अंकासाठी लिहायला बसले की पाहुण्यांसमोर बसल्यासारखी मी आधी पदर सारखा करते. संपादकांनी नोकरीविषयी लिहायला सांगितलं. कोणत्या शाळेतून कोणत्या शाळेत बदली झाली, यात कुणाला रस असणार? मी पॅनलचंच सांगते.

त्याआधी थोडं फळ्याचं सांगू द्या, नाहीतर माझं काय पणाला लागलं होतं ते कळायचं नाही.

फळ्यावर चित्र काढण्यात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. हे मी म्हणत नाही, तपासणीला येणारे साहेब म्हणायचे, आणि मी ते ऐकून मान खाली घालायचे, पण दोन्ही कान उघडे ठेवून. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून मग वापरले की रंग ओलसर, गडद उमटतो आणि भुकटी उडत नाही. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करायची नाही, तिरकं उभं राहायचं, डावा तळवा फळ्यावर टेकवायचा म्हणजे उजवा हात थरथरत नाही. माझं हृदयाचं चित्र तर शाळेत प्रसिद्ध होतं. शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं, झडपा पिवळ्या. आर्ट्सच्या मुलीसुद्धा दारातून डोकावून जायच्या. दुसऱ्या दिवशी ते पुसायला माझा हात धजावायचा नाही, मग गणिताचे मिश्रा सर येऊन निर्दयपणे पुसून टाकायचे.

अशा बाईला यंत्राची गरज काय? मला तरी वाटत नव्हती. उलट धसकाच होता, आणि त्याला कारण होतं. लॉकडाऊनमध्ये घरून शिकवायची वेळ आली तेव्हा मी अधारतालच्या घरी, स्वयंपाकघराच्या भिंतीला छोटा फळा टांगला आणि कणकेच्या डब्यावर फोन उभा केला. फोनमध्ये स्वतःला पाहिलं तर सगळी अक्षरं उलटी! आरशात दिसतात तशी. मला वाटलं, मुलींनाही हेच दिसतंय. म्हणून मी मोठ्या मेहनतीने सगळं हृदयच उलटं काढलं, म्हणजे फोनमध्ये सुलटं दिसेल. दिसलंही. मी खूश. मुलींना मात्र फोन आधीपासून सुलटंच दाखवत होता. त्यामुळे साऱ्या वर्गाने इमानेइतबारे उजवीकडचं डावीकडे उतरवून घेतलं. शाळा उघडल्यावर वह्या तपासायला घेतल्या आणि मी डोक्याला हात लावला.

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले. ते हसून हसून बेजार. "अवं, एका हृदयासाठी इतकं काहून मनाला लावून घेऊन राहिली तू? पोरी जिवंत आहेत नं!"

त्यांचं ठीक होतं. मला मात्र त्यानंतर पडद्यावर बोट ठेवायचं म्हटलं की घाम फुटायचा. म्हणून ती निळ्या फुलांची चादर माझ्याही सोयीची होती. ती काढा, असं मी कधी म्हटलं नाही.

मग अकरावीत अंजुम आली.

कांचघरची मुलगी. आई घरी शिवणकाम करायची, साड्यांना फॉल-पिको लावायची. माझं माहेरही कांचघरचंच, त्यामुळे पत्ता ऐकूनच मला ती आपली वाटली. जाड भिंगांचा चष्मा, पहिल्या बाकावरची जागा, आणि तोंडातून शब्द नाही. पहिली वही तपासली तेव्हा पाहिलं, मी वर्गात बोललेलं वाक्य न् वाक्य तिने लिहून घेतलं होतं. चित्र मात्र एकही नव्हतं. चित्राच्या जागा कोऱ्या सोडलेल्या.

मी विचारलं, "अंजुम, डायग्राम क्यों नहीं बनाए?"

ती उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मैडम, बोर्ड पर क्या बना है, वो मुझे दिखता नहीं। चश्मे से भी नहीं। मैं आपकी आवाज़ से समझ लेती हूँ। घर जाकर किसी की कॉपी देखकर बनाती हूँ, जब मिल जाए।"

डोळ्यांचा तो दोष जन्माचा होता, चष्म्याने पूर्ण न सुधारणारा. वस्तू नाकाजवळ धरली तर तिला नीट दिसायची, लांबची धुकट. मला फार वाईट वाटलं. माझे ते साखरपाण्यातले रंग, त्या पिवळ्या झडपा, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीला त्यातलं काही म्हणजे काहीच पोहोचत नव्हतं. याआधीच्या वर्षांत अशा किती मुली गप्प बसून गेल्या असतील, हा विचार अजूनही येतो.

दुबे सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांना शाळेच्या निकालाची काळजी. ते मला बोलावून म्हणाले, "वानखेडे मैडम, ये बच्ची बायोलॉजी कैसे करेगी? इसमें तो आधा विषय डायग्राम है। आर्ट्स में भेज देते हैं।"

"सर, बायोलॉजी उसने ख़ुद चुनी है।"

"तो ठीक है, अर्धवार्षिक तक देखिए। उसमें नहीं निकली, तो आर्ट्स। फिर मुझसे मत कहिएगा।"

अर्धवार्षिक परीक्षा दिवाळीनंतर असायची. अंजुमला हे मीच सांगितलं. तिने विचारलं, "हृदय वाला पाठ भी आएगा उसमें?" म्हटलं, येईल. ती म्हणाली, "वही मुझे सबसे ज़्यादा देखना है।" पढ़ना है म्हणाली नाही, देखना है म्हणाली.

आधी मी सोपे उपाय करून पाहिले. फळ्याचा फोटो काढून तिच्या आईच्या फोनवर धाडला. आमचा फळा जुना, ठिकठिकाणी पांढुरका झालेला, त्यात खिडकीची चकाकी. फोटो मोठा केला की रेषा फिसकटून जायच्या. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर मी सरांकडून किल्ली मागून घेतली, खोलीचं दार लावलं आणि नव्या सुनेचं तोंड उघडलं.

त्या महिन्यात मी काय काय शिकले! माझ्या हाताला लागलेल्या सगळ्या चांगल्या सवयी इथे वाईट ठरल्या. डावा तळवा टेकवला की पॅनलला वाटायचं, बाईंना पुसायचं आहे. मी उजव्या हाताने पेशी काढायचे आणि डाव्या हाताने माझ्याच नकळत पुसत जायचे. बांगड्या लागल्या की आडव्या रेघा. पदर लागला की पान पुढे सरकायचं. मी पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात हवेत धरून लिहायला लागले. सुरुवातीला खांदा इतका दुखायचा की घरी आल्यावर हे बाम चोळून द्यायचे आणि म्हणायचे, "शाळेत शिकवून राहिली का कुस्ती खेळून राहिली, काही समजत नाही बाप्पा!"

आम्हा शिक्षकांना त्याच सुमारास एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. शिकवणारा बोलला भरपूर, त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली, कारण ती विज्ञानाची होती. काचेत काही नसतं, तो म्हणाला. भोवतीच्या चौकटीच्या आतल्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे बारीक दिवे असतात. त्या उजेडाच्या उभ्या-आडव्या रेषा काचेवरून गेलेल्या असतात. बोटाने त्या अडवल्या की यंत्राला कळतं, बोट इथे आहे. म्हणून तर पदराने आणि बांगडीनेही काम चालतं. हे समजलं आणि माझी अर्धी भीती गेली. एखादी गोष्ट कशी चालते हे मला कळलं की मग मी तिला घाबरत नाही, मग तो बेडूक असो की पॅनल.

मी वर्गात पॅनलवर शिकवायला लागले. काळ्या पानावर पांढऱ्या जाड रेषा, अंजुमला त्या सगळ्यात बऱ्या दिसायच्या. दोन बोटं काचेवर ठेवून ती एकमेकांपासून लांब नेली की चित्र मोठं होतं, ते तर मी दिवसभर करायचे. तास संपला की पान सेव्ह करून तिच्या आईच्या फोनवर. त्या पानावरच्या रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फिसकटत नसत. पहिल्याच संध्याकाळी त्या फोनवरून आवाजाचा निरोप आला. मागे शिलाई मशीन चालू होती आणि अंजुम जवळजवळ ओरडत होती, "मैडम! माइटोकॉन्ड्रिया के अंदर तो चुन्नटें हैं! अम्मी, देखो, चुन्नटें!"

पेशीच्या त्या इवल्या भागातल्या घड्यांना मी आयुष्यभर पुस्तकातला शब्द वापरत आले होते. घागऱ्याच्या चुण्या मला कधी सुचल्या नाहीत. तो निरोप मी यांना ऐकवला, मग पुन्हा एकदा ऐकवला. हे म्हणाले, "अच्छा, म्हणजे आता मशीन चांगली झाली म्हण!" मी म्हटलं, झाली.

आणि इथेच माझ्या हातून तो घोटाळा झाला.

माझे वडील इथल्याच संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामाला होते. कांचघरच्या घरात खंडेनवमीला बाबा आपली हत्यारं पाटावर मांडायचे. पाने, पक्कड, मोजपट्टी, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, एवढंच ते सांगायचे. मी शिक्षिका झाल्यावर ही रीत शाळेत नेली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक, चिरफाडीची पेटी, डस्टर, खडूचा डबा, सगळ्यांची पूजा करायचे. मुलींना फार आवडायचं, आणि प्रसादाचे पेढे असल्यामुळे मिश्रा सरही न चुकता हजर असायचे.

त्या वर्षी पॅनलला पहिला मान. आता मी काही अडाणी नव्हे. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला कधी कुंकू लावायचं नाही, हे मीच मुलींना शिकवलेलं. तेव्हा पॅनलच्या काचेला बोट लावलं नाही. चांगलं ओलं कुंकू कालवलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीवर, ठसठशीत टिळा लावला. त्यावर अक्षता दाबून बसवल्या. हार घातला. दुबे सरांनी हात जोडले, फोटो निघाला, वीज बंद केली, चादर घातली आणि आम्ही दसऱ्याच्या सुट्टीवर गेलो.

सुट्टीनंतर पॅनल चालू केलं तर ते पिसाळलेलं. मी बोट लावायच्या आधीच वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटायचा. बोट लावलं की पान फुग्यासारखं मोठं व्हायचं, नाहीतर आक्रसून कोपऱ्यात जायचं. लिहिणं अशक्य. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच.

कंपनीचा मेकॅनिक आला. बिचारा मन लावून काम करणारा होता. त्याने काच पुसली, तारा बदलल्या, लॅपटॉप जोडून काय काय तपासलं आणि शेवटी म्हणाला, "पूरा फ्रेम गया, सर। भोपाल भेजना पड़ेगा।"

"कब तक आएगा?" मी विचारलं.

"मैडम, वो तो भोपाल वाले बताएँगे।"

सरकारी शाळेत नोकरी केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्या शाळेतून दुरुस्तीला गेलेला प्रोजेक्टर अजून वाटेतच असावा. हृदयाचा पाठ तोंडावर, त्यामागे दिवाळी, त्यामागे अर्धवार्षिक. त्या दिवशी अंजुमने वहीत पुन्हा चित्राची जागा कोरी सोडली, आणि ती कोरी जागा पाहून मला रडू आलं. मी प्रयोगशाळेत जाऊन रडले, कारण तिथे फिनाइलच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं असं म्हणता येतं.

पॅनल न्यायला गाडी येणार होती त्या दिवशी सकाळपासून मेकॅनिक पाने-पक्कड घेऊन हजर. चादर घडी करून दुबे सरांच्या हातात. मी वर्गात मुलींना तोंडी शिकवत होते आणि माझं लक्ष सगळं त्या भिंतीकडे. मेकॅनिकने शेवटचं म्हणून पॅनल चालू केलं. मी पुढे होऊन बोट लावलं, बहुधा निरोप घ्यायला. पान फुगलं.

आणि मी थांबले. पान मोठं व्हायला दोन बोटं लागतात. हे तर मी अंजुमसाठी रोज करत होते, झोपेतही केलं असतं. आत्ता मी एकच बोट लावलं होतं. मग दुसरं बोट कुणाचं?

मी बोट काढलं. वरच्या कोपऱ्यात ठिपका होता. पुसला. पुन्हा तिथेच आला, केसभरही इकडेतिकडे नाही. सगळी चौकट बिघडली असती तर बिघाड सगळीकडे दिसला असता. एकाच जागी दुखत असेल तर डॉक्टर तिथेच दाबून पाहतो. तिथे काहीतरी उजेड अडवून बसलं होतं.

"भैया, रुकिए," मी म्हटलं. "स्टूल दीजिए ज़रा।"

दुबे सर म्हणाले, "मैडम, गाड़ी आती होगी। आप बायोलॉजी की हैं, इसमें क्या देखेंगी?"

"सर, रेफर करने से पहले डॉक्टर मरीज़ को हाथ तो लगाता है। इतना समय दीजिए।"

मी पदर खोचून स्टुलावर चढले आणि चौकटीला गाल टेकवून आतल्या कडेकडे पाहिलं, जसं अंजुम पुस्तकाकडे पाहते तसं. कोपऱ्यात माझाच टिळा. सुकून कडक झालेला. त्यातलं कुंकू ओघळून चौकटीच्या आत, त्या बारीक दिव्यांच्या काळ्या पट्टीवर उतरलं होतं, आणि त्यात रुतून बसला होता तांदळाचा एक दाणा. माझ्या हातची अक्षता. खंडेनवमीपासून पॅनलला वाटत होतं की त्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी बोट ठेवून उभं आहे.

मी मेकॅनिकला विचारलं, "भैया, ये आपने नहीं देखा?"

तो एकदम सावरून उभा राहिला. "देखा था मैडम। पर पूजा का टीका है, उसको कैसे हाथ लगाते?"

दुबे सरांनीही तो पाहिला होता. मिश्रा सरांनीही. रोज जाळे काढणाऱ्या बाईंनी तर त्याच्या भोवतीने फडकं फिरवलं होतं. काच सगळ्यांनी घासली, पण लावलेला टिळा पुसायचा धीर कुणाला झाला नाही. आमच्या जबलपूरची माणसं अशीच, आणि त्यांच्यावर मला रागावताही येईना.

एका मुलीला चिरफाडीची पेटी आणायला सांगितली. त्यातला बारीक चिमटा घेतला. आधी कपाळाला हात लावून मनातल्या मनात बाबांची आणि खंडेनवमीची माफी मागितली, मग दाणा अलगद उचलला. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून ती पट्टी पुसली. स्टुलावरून उतरले. एक बोट काचेवर ठेवलं आणि ओढलं.

एक सरळ पांढरी रेघ उमटली. पान जागचं हललं नाही.

वर्गात असा काही गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून मिश्रा सर धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला. मी खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी साऱ्या शहरात दवंडी पिटावीशी वाटली. मेकॅनिक प्रामाणिक माणूस, तो म्हणाला, "मैडम, मान गए आपको।" दुबे सर हातातली चादर सांभाळत पुढे आले आणि विचारात पडले. "वो तो ठीक है, पर रिपोर्ट में खराबी क्या लिखूँ? कुमकुम?"

"लिखिए, सफाई की गई," मी म्हटलं.

ती चादर त्याच दिवशी दुबे भाभींकडे परत गेली. पॅनलवर पुन्हा कधी पांघरूण पडलं नाही. पुढे मला दुसऱ्या शाळांमधले शिक्षक बोलवू लागले, 'मैडम, ज़रा सिखा दीजिए' म्हणून. तळवा टेकवणारे, पदर लागणारे, घामाघूम होणारे. मी त्यांना आधी माझ्या उलट्या हृदयाची गोष्ट सांगायचे. हसून झालं की ते शिकायचे. माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंचा गेल्या खंडेनवमीला फोन आला, "मैडम, टीका कहाँ लगाऊँ?" आता पॅनलला खाली चाकांची लोखंडी घोडी आहे. म्हटलं, "घोडी के पाँव को लगाइए, और चावल कम।"

अंजुमचं सांगायचं राहिलं. अर्धवार्षिक परीक्षा झाली आणि ती बायोलॉजीतच राहिली. आर्ट्सचा विषय दुबे सरांनी पुन्हा काढला नाही. सध्या ती कॉलेजात बी.एससी. करते आहे. पण माझ्या साऱ्या नोकरीतलं एकच काही जपून ठेवायला सांगितलं तर मी तिचे गुण ठेवणार नाही, पॅनल सुधारल्यानंतरचा तो पहिला तास ठेवेन.

त्या तासाला तयार चित्र न लावता मी हाताने हृदय काढलं. माझं ते फळ्यावरचं, नावाजलेलं. हात हवेत, तळवा वर, लाल, निळा, पिवळ्या झडपा. मी जरा आनंदाच्या भरात होते. चित्र पूर्ण झालं, मी दोन बोटांनी ते मोठं केलं आणि वर्गाकडे वळले. अंजुम पहिल्या बाकावरून उठून पॅनलच्या अगदी जवळ आली होती. नाक काचेला लागेल इतकी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने सगळं पाहून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली.

"मैडम, फेफड़ों से जो शिरा आ रही है, वो आपने नीली कर दी। उसमें तो शुद्ध ख़ून आता है। लाल होनी चाहिए न?"

मी पाहिलं. खरंच निळी केली होती! फळ्यावर इतक्या वर्षांत कधी न झालेली चूक, आणि ती पकडली कुणी, तर जिला फळा कधी दिसलाच नव्हता तिने. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

"बिल्कुल लाल होनी चाहिए। आ, तू ही कर।"

तिने पॅनलबरोबर आलेलं पेन घेतलं. जवळून दिसावं म्हणून ती वाकली, आणि तोल सांभाळायला तिने डावा तळवा सरळ काचेवर टेकवला. अर्धं हृदय सपाट पुसलं गेलं.

मुली हसल्या. अंजुम मात्र पांढरी पडली. हात मागे घेऊन ती तशीच उभी राहिली, आता आपण हेही बिघडवलं अशा चेहऱ्याने.

पुसलेलं परत आणायचं बटण खाली कोपऱ्यात असतं. एकदा दाबलं की सगळं होतं तसं. ते बटण मला आता डोळे मिटूनही सापडत होतं. माझा हात त्याच्याकडे गेलाही. मग मी तो मागे घेतला.

"कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "पूरा मिटा दे। अब तू बना।"

"मैं, मैडम?"

"देख लिया न तूने? फिर बना।"

मी तिच्या बाकावर जाऊन बसले. तिने काळं पान कोरं केलं, ओढणी कमरेला बांधली, डावा हात पाठीमागे घेतला आणि काढायला लागली. हळूहळू, नाक काचेजवळ, एकेक रेष. कप्पे, झडपा, मोठी धमनी. शेवटी तिने लाल रंग घेतला आणि फुप्फुसांकडून येणारी शिरा रंगवली. मग दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे पाहिलं. तिथून तिला तिचंच चित्र धुकट दिसत असणार.

तिचं हृदय माझ्यापेक्षा थोडं बसकं होतं. चुकीचं काहीच नव्हतं.

मी उठून ते पान सेव्ह केलं आणि त्या संध्याकाळी एकट्या तिच्या आईच्या फोनवर न धाडता साऱ्या वर्गाला धाडलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या, तर प्रत्येक वहीत तेच थोडं बसकं हृदय. त्या वर्षी सगळ्या मुलींनी अंजुमचं पाहून काढलं होतं.